पानगळ, विकरे आणि बोरिवलीचे रान

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून फाल्गुन-चैत्रात कान्हेरी लेण्यांकडे चालत जाताना पायांखाली वाळलेल्या पानांचा सडा वाजत असतो. साग, ऐन, कळंब, पळस, काटेसावर अशा वृक्षांचे हे मिश्र पानझडी रान आहे. भाद्रपदात तीच वाट पाहिली, तर त्या सड्याचा बराच भाग मातीत मिसळलेला दिसतो. हे काम कसे होते, ते आपण समजून घेऊ.

वाळवी, गांडुळे पाने कुरतडून बारीक करतात. परंतु पानांचे रासायनिक विघटन मुख्यतः बुरशी व जिवाणू करतात. ते पाचक विकरे शरीराबाहेर, थेट पानावर सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. विकरे ही बहुतांशी प्रथिने असतात. ती रासायनिक क्रियेचा वेग वाढवतात, स्वतः मात्र खर्ची पडत नाहीत. प्रत्येकाचे काम ठरलेले असते. सेल्युलेज गटातील विकरे सेल्युलोजची लांब साखळी तोडून साखर मोकळी करतात. लॅकेज व पेरॉक्सिडेज ही विकरे चिवट लिग्निन फोडतात. फॉस्फटेजमुळे मुळांना घेता येईल असा फॉस्फेट मिळतो.

विकरांना ओलावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात मंदावलेले हे काम पहिल्या पावसानंतर वेग घेते. पानांचा प्रकारही महत्त्वाचा. नत्र अधिक असलेली कोवळी, मऊ पाने लवकर कुजतात; लिग्निन व टॅनिन अधिक असलेली पाने रेंगाळतात. दोन्ही एकत्र पडली, तर बुरशीचे तंतू एका पानातील नत्र दुसऱ्याकडे नेऊ शकतात आणि कठीण पानांचे विघटनही पुष्कळदा सुकर होते. मिश्र रानाचे हे एक बळ आहे.

अशी कुजलेली माती पावसाचे पाणी मुरवते व धूप रोखते. याच रानात १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार आणि १८७९ चा तुळशी हे मुंबईला पाणी देणारे तलाव आहेत.

अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या अंगणांत मात्र आपण हीच पाने झाडून जाळतो. त्यांतील बराचसा नत्र धुरावाटे निघून जातो आणि धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. त्याऐवजी पाने खड्ड्यात घालून ओलसर ठेवावीत.

विद्यार्थ्यांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. शाळेच्या आवारातील वाळलेली पाने प्रत्येकी दहा ग्रॅम घेऊन नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरावीत. काहींत एकाच झाडाची, काहींत मिश्र. जूनमध्ये त्या झाडाखाली ठेवाव्यात. दर महिन्याला दोन्ही प्रकारची एकेक पिशवी काढून, माती झटकून, पाने वाळवून वजन करावे. घटलेले वजन वहीत नोंदवावे. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनीही ती वही अवश्य पाहावी.