होकाराचे मोल

प्रस्तावना

पक्षाघात झालेल्या माणसावर उपचार करताना डॉक्टर ज्या ज्ञानाचा आधार घेतात, ते ज्ञान कोठून येते? ते केवळ प्रयोगशाळेत तयार होत नाही. त्याच आजारातून गेलेल्या हजारो रुग्णांनी आपली माहिती, आपले रक्त आणि आपला वेळ संशोधकांना दिलेला असतो. या रुग्णांची नावे कोठेही छापली जात नाहीत. प्रस्तुत पाठात बंगळुरू शहराशी निगडित असलेल्या एका संशोधनाच्या आधारे अशा सहभागाचे महत्त्व आणि त्यामागील नियम यांचा परिचय करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• वैद्यकीय संशोधनात रुग्णांचा सहभाग का आवश्यक असतो, हे सांगू शकाल;
• संशोधन आणि उपचार यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• सहभागी व्यक्तीचे हक्क सांगू शकाल.

मूळ पाठ

एका रुग्णाकडून न मिळणारे उत्तर

मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीमुळे बंद पडली किंवा फुटली, की मेंदूच्या त्या भागाचे काम थांबते. हात-पाय लुळे पडतात, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते किंवा पूर्ण थांबते. यालाच पक्षाघात म्हणतात. बोलीभाषेत 'लकवा' हा शब्द रूढ आहे. अशा वेळी घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, 'हे असे का झाले?'

एकट्या रुग्णाकडे पाहून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. रुग्ण विडी ओढणारा असेल. पण विडी ओढणाऱ्या प्रत्येकाला पक्षाघात होत नाही. म्हणून अनेक रुग्ण आणि तेवढेच निरोगी लोक यांची तुलना करावी लागते. अशी तुलना करणारे 'इंटरस्ट्रोक' नावाचे आंतरराष्ट्रीय संशोधन २००७ मध्ये सुरू झाले. त्याच्या भारतातील कामाचा समन्वय बंगळुरूच्या सेंट जॉन्स या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधन विभागाने केला. तेथील डॉ. डेनिस झेवियर हे या संशोधनाच्या प्रमुख लेखकांपैकी एक होते.

पक्षाघात होऊन पाच दिवस उलटण्याच्या आतच रुग्णाला या संशोधनात घेतले जाई. त्याचा रक्तदाब, कंबर आणि नितंब यांचा घेर मोजला जाई. आहार, व्यायाम, व्यसने, मनावरचा ताण यांविषयी प्रश्न विचारले जात. रक्ताचे व लघवीचे नमुने घेतले जात. ज्याला बोलता येत नसे, त्याच्या वतीने जवळचा नातेवाईक उत्तरे देई. प्रत्येक रुग्णामागे त्याच वयोगटातील, स्त्री असल्यास स्त्री आणि पुरुष असल्यास पुरुष, अशी पक्षाघात न झालेली एक व्यक्तीही निवडली जाई. म्हणजे या कामात निरोगी माणसांचा वाटाही रुग्णांइतकाच होता.

पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २२ देशांतील ३,००० रुग्ण आणि ३,००० निरोगी व्यक्ती यांच्या माहितीवरून असे दिसले, की पक्षाघाताच्या एकूण धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका दहा घटकांशी निगडित आहे. उच्च रक्तदाब, धूम्रपान, पोटाचा वाढलेला घेर, अयोग्य आहार, व्यायामाचा अभाव आणि मधुमेह हे त्यांपैकी काही होत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील टप्प्यात ३२ देशांतील सुमारे २७ हजार लोकांची माहिती होती. त्यातही उच्च रक्तदाब हाच सर्वांत मोठा घटक ठरला. यांतील बहुतेक घटक बदलता येण्याजोगे आहेत, ही यातील सर्वांत आशादायक गोष्ट. मात्र ज्यांनी ही माहिती दिली, त्यांना पक्षाघात आधीच होऊन गेला होता. त्यांच्या उत्तरांचा उपयोग पुढच्यांना झाला.

'उपयोग झाला नाही' हेही उत्तरच

सर्वच संशोधनांतून अपेक्षित उत्तर मिळते असे नाही. भारतात पक्षाघाताच्या रुग्णांना घरी गेल्यावर व्यायामोपचार मिळणे कठीण असते. मग घरातल्याच माणसाला प्रशिक्षण दिले तर? या प्रश्नाचा शोध 'अटेंड' नावाच्या चाचणीने घेतला. देशातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांनी तीत भाग घेतला. निम्म्या रुग्णांच्या नातेवाइकांना व्यायाम व शुश्रूषा शिकवण्यात आली. उरलेल्या रुग्णांना नेहमीचेच उपचार मिळाले. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल, हे डॉक्टरांनी ठरवले नाही; ते चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ठरले. सहा महिन्यांनी पाहता, मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे ४७ टक्के होते. हा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग या रुग्णांचे श्रम वाया गेले काय? तसे म्हणता येणार नाही. ही चाचणी झाली नसती, तर केवळ समजुतीच्या बळावर ती योजना देशभर राबवली गेली असती आणि आधीच थकलेल्या कुटुंबांवर आणखी भार पडला असता.

होकार कसा असावा

या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. उपचाराचा हेतू समोरच्या रुग्णाला बरे करणे हा असतो. संशोधनाचा हेतू एका प्रश्नाचे उत्तर शोधणे हा असतो. सहभागी व्यक्तीला स्वतःला लाभ होईलच असे नाही. हा फरक रुग्णाला समजला पाहिजे. पण पक्षाघाताच्या पहिल्या दिवसांत तो समजणे सोपे नसते. रुग्ण गोंधळलेला असतो, कधी त्याची वाचा गेलेली असते. 'डॉक्टरांना नाही म्हटले, तर उपचार नीट होतील का?' ही भीती नातेवाइकांच्या मनात असते. भीतीपोटी दिलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

म्हणूनच यासंबंधी नियम करण्यात आले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तर नवीन औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ मध्ये केंद्र सरकारने नियम लागू केले. त्यांनुसार कोणतेही संशोधन सुरू करण्यापूर्वी नीतिमत्ता समितीची मान्यता घ्यावी लागते. रुग्णाला समजेल अशा भाषेत सर्व माहिती द्यावी लागते. बंगळुरूसारख्या शहरात ती भाषा कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू किंवा मराठीही असू शकते. वाचता न येणाऱ्या व्यक्तीसमोर निःपक्षपाती साक्षीदार असावा लागतो. रुग्ण संमती देण्याच्या अवस्थेत नसेल, तर त्याचा कायदेशीर प्रतिनिधी संमती देतो. रुग्ण सावरल्यावर त्याला पुन्हा विचारावे लागते. सहभागी व्यक्तीला कोणत्याही क्षणी, कारण न सांगता बाहेर पडता येते आणि त्यामुळे तिच्या नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये.

ज्याला नकार देण्याची मोकळीक आहे, त्याच्याच होकाराला मोल असते. खाटेवर पडलेल्या रुग्णाने सर्व समजून घेऊन दिलेला असा होकार हे त्याने अनोळखी माणसांना दिलेले दान असते.

शब्दार्थ

शुश्रूषा – आजारी माणसाची सेवा
परावलंबी – दुसऱ्यावर अवलंबून असणारा
निःपक्षपाती – कोणाचीही बाजू न घेणारा
नीतिमत्ता समिती – संशोधनातील योग्यायोग्यता तपासणारे मंडळ

स्वाध्याय

१. 'इंटरस्ट्रोक' संशोधनात निरोगी व्यक्तींचा समावेश का करण्यात आला?
२. 'अटेंड' चाचणीतील रुग्णांचे श्रम वाया गेले नाहीत, असे लेखात का म्हटले आहे?
३. उपचार आणि संशोधन यांतील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.
४. तुमच्या शेजारच्या पक्षाघात झालेल्या आजोबांना संशोधनात सहभागी होण्याविषयी विचारले आहे. होकार किंवा नकार देण्यापूर्वी त्यांनी डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत? पाच प्रश्न तयार करा.