घरचा प्लग आणि चाकांवरचं घर

आधी एक प्रश्न. एका सॉकेटवर मल्टिमीटर लावला. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्ट, फेज ते अर्थ ८४, न्यूट्रल ते अर्थ ६१. काय समजायचं? फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलच्या वहीत याचं उत्तर नाही. (माझ्या तरी नव्हतं, अर्थात माझी वही म्हणजे मित्राच्या वहीची झेरॉक्स होती.) मला ते उत्तर मे महिन्यात, गुहागरजवळच्या आजोळी, अंगणात अनवाणी उभं असताना मिळालं.

त्याचं असं झालं. माझ्या मामाने एक जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर करून घेतलं. आत दोन बेड, छोटा ओटा, फ्रिज, छतावर एक टनाचा एसी, १० लिटरचा गीझर, बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे खूळ होतं. गाडी आजीच्या अंगणात लागली, मामाने ओटीवरच्या सॉकेटपासून एक्स्टेन्शन ओढली आणि आतले दिवे लागले. टाळ्या! आदल्या रात्री वळवाचा पाऊस पडून गेला होता, अंगण ओलं होतं. मी आत जायला दाराची कडी धरली आणि हाताला मुंग्या आल्या. टेस्टर लावला तर गाडीच्या पत्र्यावर निऑन लागला!

मामा म्हणाला, "अरे, गाडीला रबरी टायर आहेत, शॉक लागायचा नाही." इथेच पहिला घोटाळा आहे. टायरमुळे गाडी जमिनीपासून वेगळी राहते हे खरं, पण म्हणूनच पत्र्यावर आलेला व्होल्टेज जमिनीत न जाता तिथेच बसून राहतो. गाडीच्या आत उभा असलेला माणूस तारेवर बसलेल्या चिमणीसारखा सुरक्षित असतो. एक पाय ओल्या अंगणात आणि हात कडीवर, असा जो माणूस असतो तो मात्र सर्किट पूर्ण करतो. आणि गाडीत शिरणारा प्रत्येक जण तसाच असतो.

पण पत्र्यावर व्होल्टेज आला कुठून? काहीच बिघडलेलं नव्हतं. बॅटरी चार्जर आणि इन्व्हर्टरमध्ये नॉइज दाबायला फिल्टर असतो. त्यात फेज ते बॉडी एक आणि न्यूट्रल ते बॉडी एक असे दोन सारखे कपॅसिटर असतात. अर्थची वायर तुटलेली असेल तर बॉडी या दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. समजा कपॅसिटर ४.७ नॅनोफॅरडचा आहे. ५० हर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स सुमारे ६७७ किलोओहम होतो, म्हणून अंगातून जाणारा करंट अर्ध्या मिलिॲम्पियरच्याही आत राहतो. मुंग्या येतात, माणूस मरत नाही. पण या मुंग्यांचा अर्थ एकच: तिसरी वायर मेलेली आहे. उद्या गीझरच्या एलिमेंटचं इन्सुलेशन गेलं तर त्याच पत्र्यावर कपॅसिटरमधून नव्हे, सरळ २३० व्होल्ट येतील. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहम धरा, २३० मिलिॲम्पियर झाले. माणसाच्या बाबतीत ३० च्या पुढे काही सेकंद गेले तरी जिवाशी खेळ असतो.

वर दिलेलं रीडिंग त्या ओटीवरच्या सॉकेटचं आहे. चांगल्या सॉकेटवर फेज ते अर्थ जवळपास २३० आणि न्यूट्रल ते अर्थ फार तर दोन-चार व्होल्ट येतात. ८४, ६१ असे विचित्र आकडे आले की समजावं, अर्थची पिन हवेत आहे. डिजिटल मीटर इतका कमी करंट घेतो की नुसत्या शेजारच्या वायरमुळेही तो असले भुताटकीचे व्होल्टेज दाखवतो. वायरमन काकांनी मेन बंद करून बोर्ड उघडला. तिसऱ्या पिनेच्या स्क्रूला वायरच नव्हती! सॉकेटला तीन भोकं होती ती शोभेला.

आता यावर गावोगाव एक जुगाड चालतो. सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनेला जोडायचा. मीटरवर सगळे आकडे एकदम देखणे दिसतात. शेजारच्या एका काकांनी हाच सल्ला अगदी आपुलकीने दिला. तो का ऐकायचा नाही? कारण मागे कुठेही न्यूट्रल तुटला, किंवा कुणी फेज-न्यूट्रल उलटे लावले, की अख्खा पत्रा त्या तुकड्यातून फेजला जोडला जातो. एकही फ्यूज उडत नाही. आतला बल्ब मात्र, न्यूट्रल तुटल्यावर, पेटत नाही, म्हणून माणूस "लाईट गेले" म्हणत गाडीबाहेर उतरतो आणि उतरताना कडी धरतो.

खरा इलाज म्हणजे नवं अर्थिंग. पण कोकणात जांभा दगड, अर्थिंग चांगलं लागणं कठीण. लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून विहिरीजवळ पाइप पुरून घेतला, मोजला तर ३८ ओहम. इथे आपल्यातले बरेच जण फसतात. फेज बॉडीला चिकटला तर करंट किती? २३० भागिले ३८, म्हणजे सहा ॲम्पियर. १६ ॲम्पियरची एमसीबी याला साधा लोड समजेल, ढिम्म हलणार नाही, आणि पत्रा जिवंतच राहील. म्हणून अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी हवीच. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून पाहते. ३० मिलिॲम्पियरचा फरक पडला की तोडते. ३० मिलिॲम्पियर गुणिले ३८ ओहम म्हणजे सव्वा व्होल्टसुद्धा नाही. आरसीसीबीला चालायला अर्थची वायर लागत नाही हे खरं, पण टायरवरच्या गाडीला अर्थ नसेल तर फॉल्ट लपून राहतो आणि ती ट्रिप व्हायला माणसाच्या अंगाची वाट पाहते. अर्थ असेल तर फॉल्ट झाल्या क्षणी पडते. या दोघांची जोडी आहे, एकाने भागत नाही.

आरसीसीबी बसवली, एसी चालू केला, आणि टप! पुन्हा वर केली, पुन्हा टप! मामाचा निकाल तयार होता: "ही खराब आहे, काढून टाक." ती खराब नव्हती. गाडीतल्या इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल बॉडीला बांधलेला होता. गाडी स्वतःच्या बॅटरीवर चालते तेव्हा ते बरोबरच आहे, पण घरच्या लाइनवर ती गाठ सुटली पाहिजे. नाहीतर परतीचा करंट थोडा न्यूट्रलमधून आणि थोडा अर्थमधून जातो. न्यूट्रल वायरवर तीन व्होल्टचा ड्रॉप असेल तर ३८ ओहममधून जवळजवळ ८० मिलिॲम्पियर निसटतात. गाडी बनवणाऱ्याला फोन केल्यावर कळलं की त्यासाठी चेंजओव्हर रिले लागतो. तो नंतर बसवला, तोपर्यंत इन्व्हर्टर सर्किटमधून काढून ठेवला.

आता करंटकडे. यूट्यूबवर याबद्दल ढीगभर व्हिडिओ आहेत, पण बहुतेक अमेरिकेतले. तिथे साधं सॉकेट १२० व्होल्ट, १५ ॲम्पियर, म्हणजे १८०० वॅट. गाडीचा प्लग ३० ॲम्पियरचा असतो, मग मध्ये अॅडॅप्टर लावतात. प्लग बसला म्हणून ताकद वाढत नाही, हा त्यांचा धडा आपल्यालाही लागू आहे, आकडे मात्र नाहीत. आपलं १६ ॲम्पियरचं सॉकेट ३६८० वॅटपर्यंत जातं. मामाच्या गाडीत एसी साडेपाच ॲम्पियर, गीझर पावणेनऊ, इंडक्शन शेगडी पावणेनऊ, चार्जर तीन. बेरीज २६! एमसीबी आहे ना, असं म्हणू नका. घरगुती एमसीबीच्या स्टँडर्डप्रमाणे १.४५ पट करंटला ती एका तासाच्या आत पडली पाहिजे. म्हणजे १६ ची एमसीबी २३ ॲम्पियर बराच वेळ सोसू शकते, आणि तेवढा वेळ वायर भाजत असते. सॉकेटच्या ढिल्या पत्तीत ०.१ ओहम रेझिस्टन्स असेल तर १६ ॲम्पियरला तिथे २५ वॅट उष्णता तयार होते. लॅबमधली आपली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचीच असते. ती प्लगच्या प्लॅस्टिकमध्ये खुपसून ठेवली आहे असं समजा.

केबलचा हिशोबही तसाच. ३० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. दीड चौरस मिलिमीटरच्या फ्लेक्सिबल वायरला साधारण ०.८ ओहम. १६ ॲम्पियरला १३ व्होल्ट ड्रॉप आणि २०० वॅट उष्णता. चार चौरस मिलिमीटरला हेच पावणेपाच व्होल्ट आणि ७६ वॅट. आम्ही चारची घेतली, महाग पडली. ड्रमवर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरायची. "कॉइल झाली, इंडक्टन्स वाढला" असं व्हायव्हात सांगू नका. जाणारा आणि येणारा करंट एकाच केबलमध्ये असतो, त्यांची फील्ड एकमेकांना मारतात. प्रश्न उष्णतेचा आहे, आतल्या वेटोळ्यांना हवा लागत नाही.

जोडायचा क्रमही ठरलेला असावा. गाडीतली डबल पोल मेन बंद, आधी केबल गाडीला, मग घरच्या सॉकेटला, मग स्विच. काढताना बरोबर उलट. गाडीकडचं टोक निळ्या इंडस्ट्रियल प्रकारचं हवं, गाडीवर पिना आणि केबलवर भोकं. दोन्हीकडे पिना असलेली केबल मामाने बनवून आणली होती. ती मी कापून टाकली आणि दोन दिवस बोलणी खाल्ली.

नवीन सॉकेटवर न्यूट्रल ते अर्थ दीड व्होल्ट आले, टेस्टर पत्र्यावर लागेना. मग पाळी ठरवली: सकाळी गीझर, एसी बंद, दुपारी एसी आणि चार्जर, इंडक्शन शेगडी नाहीच, आजी असताना तिची गरजही नव्हती. संध्याकाळी गावात सगळ्यांचे पंप सुरू झाले, सॉकेटवर १९५ व्होल्ट उरले, एसीचा कॉम्प्रेसर नुसता घुमायला लागला. तो बंद केला आणि मामासकट सगळे ओटीवर चटया टाकून झोपलो.