सोयाबीनमधली मोठी दुधी: फळ धरण्याआधीच गाठा

सोयाबीनला पंधरा-वीस दिवस झाले की तासात उतरून बघा. पान मोडल्यावर पांढरा चीक आला, तर ती मोठी दुधी. चीक नायटी या लहान दुधीलाही येतो, पण ती जमिनीलगत पसरते, ही मात्र सरळ वाढून पिकाच्या डोक्यावर जाते. एरंडाच्याच कुळातली ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. आज ती आफ्रिका आणि आशियातही पसरली आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीन-कपाशीच्या पट्ट्यात तिची ओळख करून द्यायला नकोच.

तिचं फळ नीट बघण्यासारखं आहे. तीन कप्पे, प्रत्येकात एक बी. वाळलं की तडकतं आणि बी चार हात दूर उडतं. वर एकाच हंगामात तिच्या एकापेक्षा जास्त पिढ्या निघतात. बी जाडसर असल्यामुळे खोलवरूनही उगवतं, म्हणून पेरणीनंतर लगेच मारलेल्या औषधातून बरीच रोपं निसटतात.

तण दोन-तीन पानांवर असतानाच डवरणी करा. ओळीतलं तण खुरप्यानं मुळासकट काढा. नुसता शेंडा छाटला तर खालून फुटवे येतात. पहिले ३० ते ४५ दिवस शेत स्वच्छ राहिलं पाहिजे. पाऊस उघडीप देत नसेल तर इमॅझेथॅपीर १० टक्के, एकरी ४०० मिलि, २०० लिटर पाण्यातून, जमिनीत ओल असताना फवारा. तण गुडघ्याला लागल्यावर फवारणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

पण दरवर्षी तेच औषध नको. क्लोरीम्युरॉन घेतलं म्हणजे बदल केला, असं अनेकांना वाटतं. दोन्ही एकाच गटातली. ब्राझीलच्या सोयाबीनमध्ये हीच दुधी या गटाला दाद देईनाशी झाली, पुढे ग्लायफोसेटलाही. आपण त्याच वाटेवर आहोत, असं माझं मत आहे. फोमेसाफेन असलेलं शिफारशीचं मिश्रण आलटून-पालटून वापरा, लेबलवरची मात्रा आणि वेळ पाळून.

फळं धरलेली झाडं उपटून बांधावर टाकू नका, उकिरड्यावर तर नकोच. शेणखतातून ती परत शेतात येतात. निंदताना चिकाचा हात डोळ्याला लावू नका, फार आग होते. मळणीयंत्र दुसऱ्याच्या वावरातून आलं असेल, तर आपल्या खळ्यावर घेण्याआधी चाळण्या झाडून घ्यायला सांगा. यंत्रवाला कुरकुर करेल, करू द्या.