काळविटांच्या माळावरील शैक्षणिक सहल



कारंजा लाडच्या परिसरातील शाळांना निसर्गनिरीक्षणाच्या पाठासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य सन २००० मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर आहे. येथे घनदाट अरण्य नाही. गवताळ माळ आणि मधूनमधून झुडपे आहेत. अशी जमीन पुष्कळांस पडीक वाटते. परंतु दूरवर दृष्टी पोचावी व धोका दिसताच मोकळेपणी धावता यावे, अशीच भूमी काळविटास लागते. हे विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दाखविणे हा सहलीचा पहिला उद्देश होय.

पूर्वतयारी : वनविभागाची परवानगी व पालकांची संमती आधी घ्यावी. नंतर वर्गात विचारावे, "हरणे शेतात शिरली तर घरी काय म्हणतात?" उत्तरे बहुधा तक्रारीची येतील; ती दडपू नयेत. ज्या मुलाच्या वडिलांनी पिकाची राखण करण्यात झोप घालविली, त्याला केवळ "हरीण किती सुंदर!" असे सांगणे हा अर्धाच पाठ होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार हा गंभीर गुन्हा ठरविला आहे. तसेच पीकनुकसानीची भरपाई शासनाकडून मिळण्याची तरतूदही आहे. त्यासाठी मुदतीत अर्ज करावा लागतो. या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्यात.

प्रत्यक्ष निरीक्षण : सकाळची वेळ उत्तम. मुलांच्या लहान तुकड्या कराव्यात. आरडाओरड व पाठलाग कटाक्षाने टाळावा. पुढील गोष्टींकडे लक्ष वेधावे :

१. प्रौढ नर पाठीवर काळसर व पोटाखाली पांढरा असतो. मादी व पिले पिवळसर तपकिरी असतात.

२. नराची शिंगे पीळदार, वलयांकित व बिनफाट्याची असतात. चितळ व सांबर यांची फाटे असलेली शिंगे ठराविक काळाने गळून नवी येतात; काळविटाची जन्मभर टिकतात. बोलण्यात आपण सर्वांनाच हरीण म्हणत असलो, तरी हा भेद मुलांस समजावा.

३. कळप बिचकला की काही जनावरे प्रथम उंच उड्या मारतात व मग सारा कळप वेगाने धावू लागतो.

४. कळप न दिसल्यास निराश होऊ नये. खुरांचे ठसे पाहावेत. एकाच जागी साचलेला लेंड्यांचा ढीग ही बहुधा नराने आखलेल्या हद्दीची खूण असते.

विशेष सूचना : मादी आपले नवजात पिलू गवतात दडवून चरावयास जाते व दूध पाजण्यास परत येते. एकटे दिसणारे पिलू पोरके समजून गुराखी मुले दयेने घरी आणतात. त्यामुळे ते आईस अंतरते आणि बहुधा जगत नाही. असे पिलू दिसल्यास त्याला हात न लावता मुकाट्याने दूर व्हावे व मोठ्या माणसांकरवी वनरक्षकास कळवावे, हे मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यावे. त्याच्या मागे लागलेली कुत्री मात्र हाकलावीत.

अनुधावन : दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने स्वतः पाहिलेल्या पाच गोष्टी लिहाव्यात; ऐकीव गोष्ट लिहू नये. भरपाईच्या अर्जाची माहिती मुलांनी घरी सांगितली की नाही, याचीही विचारपूस करावी.