नोकरदारांची खिदमत आणि कंपन्यांचे अनुदान

आपल्या समाजातील बरीच मुले आज मोठमोठ्या कंपन्यांत नोकरीस आहेत. पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे आहेत, काही अमेरिकेतही पोहोचली आहेत. त्यांपैकी काही जण सुटीच्या दिवशी मोहल्ल्याच्या अभ्यासिकेत गणित शिकवितात, दवाखान्याचे हिशेब संगणकावर चढवितात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात. ही खिदमत ते अल्लाहच्या राजीखुशीसाठी करतात, एक पैसा घेत नाहीत. पण याच तासांपोटी त्यांची कंपनी त्या संस्थेला रोख रक्कम देऊ शकते, ही गोष्ट बहुतेक ठिकाणी ना त्या मुलाला ठाऊक असते ना विश्वस्तांना. व्यापारी माणसाच्या भाषेत बोलायचे तर वसुलीची रक्कम आहे, पण बिलच फाडलेले नाही. म्हणून या विषयाची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

ही पद्धत मूळ अमेरिकेतली. तेथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५४ साली असा नियम केला की, आपला कर्मचारी आपल्या जुन्या कॉलेजला जेवढी देणगी देईल तेवढीच कंपनीही देईल. हळूहळू इतर कंपन्यांनी तो उचलला. मग प्रश्न निघाला की ज्याच्यापाशी पैसा नाही पण वेळ आहे, त्याचे काय? तेव्हा तासांचाही भाव ठरला. अमेरिकेत याला ‘डॉलर्स फॉर डूअर्स’ म्हणतात, म्हणजे काम करणाऱ्याच्या नावे डॉलर.

भाव ठरविण्याच्या रीती दोन आहेत. एक तासावारी. मायक्रोसॉफ्ट आपल्या अमेरिकेतील कर्मचाऱ्याच्या प्रत्येक तासामागे संस्थेस २५ डॉलर देत आली आहे. एखाद्याने वर्षात ४० तास शिकविले तर संस्थेच्या पदरात १,००० डॉलर पडतात. दुसरी रीत ठोक. ठराविक तास भरले की ठराविक रक्कम, एक तास जरी कमी पडला तरी काही नाही. व्हेरायझन या टेलिफोन कंपनीने ५० तासांना ७५० डॉलर आणि एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने २० तासांना ५०० डॉलर असे दर ठेवले होते. हे दर व नियम कंपन्या अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करतेवेळी त्या वर्षाचा नियम कंपनीच्या मनुष्यबळ खात्याकडून विचारून घ्यावा. ठोक पद्धतीत ४८ तासांवर थांबणे म्हणजे ताक्यातला शेवटचा मीटर न विणता माल गाठीत बांधणे होय.

आता कोणी बुजुर्ग विचारतील की, खिदमतीचा मोबदला घेतला तर सवाब कोठे राहिला? प्रश्न योग्य आहे. परंतु येथे लक्षात घ्यावे की रक्कम त्या मुलाच्या खिशात जात नाही. धनादेश संस्थेच्या नावे निघतो. मुलाची नीयत जशी होती तशीच राहते, आणि त्याच्या निमित्ताने यतीमखान्यास किंवा शाळेस दुसऱ्याचेही दान मिळते. बँक किंवा विमा कंपनीकडून येणाऱ्या रकमेबाबत मात्र कोणाच्या मनात शंका असल्यास आपल्या येथील उलेमांना विचारून घ्यावे. तो अधिकार आमचा नव्हे.

खरी अडचण कागदपत्रांची आहे, आणि येथेच आपले इदारे मागे पडतात. कंपनी मुलाच्या तोंडी शब्दावर पैसे देत नाही. मुलगा कंपनीच्या संगणकावर तास नोंदवितो. मग कंपनी, अथवा तिच्या वतीने बेनेव्हिटी यांसारखी मध्यस्थ संस्था, आपल्या इदाऱ्याला ई-मेलने विचारते की, हा इसम या तारखांना आपल्याकडे खरोखर आला होता काय? याचे उत्तर ठरल्या मुदतीत गेले पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका रात्रशाळेत तीन तरुण वर्षभर शिकवीत होते. शाळेचा ई-मेल पत्ता होता, पण तो ज्या चिटणीसांनी उघडला होता ते गावी निघून गेले होते आणि परवलीचा शब्दही त्यांच्याबरोबर गेला. मुदत टळली, रक्कम गेली. मुलांना वाईट वाटले ते पैशाचे नव्हे, तर वर्षभराच्या कामाची कोणी साधी ‘होय’ म्हणून साक्षही दिली नाही याचे.

म्हणून प्रत्येक संस्थेने एक साधी हजेरीवही ठेवावी. तारीख, नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, काम काय केले आणि जबाबदार माणसाची सही, एवढेच रकाने पुरेत. आपण कारखान्यात कारागिराच्या मजुरीची वही ठेवतोच, मग विनामजुरी काम करणाराची का ठेवू नये? ई-मेलचा पत्ता संस्थेच्या नावे असावा आणि परवलीचा शब्द दोन विश्वस्तांपाशी असावा. तास वाढवून लिहिण्याचा मोह कोणी करू नये. आठ आणे वाढवून लावलेले बिल पकडले गेले की गिऱ्हाईक कायमचे तुटते, तद्वत एकदा खोटी नोंद सापडली की त्या मुलाची नोकरी धोक्यात येते. शिवाय बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्याने स्वतःच्या वेळेत केलेले कामच धरतात. कंपनीच्या वेळेत, पगारी रजेवर केलेली सेवा हा वेगळा प्रकार आहे.

यापुढचा मुद्दा कायद्याचा आहे आणि तो सावधपणे वाचावा. रक्कम अमेरिकेहून येणार असेल तर ती विदेशी देणगी होय. तिला २०१० चा विदेशी अंशदान कायदा लागू होतो. त्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक डॉलरही घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि गेल्या तीन वर्षांत आपल्या कार्यावर निदान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच उतरते, ती दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही आणि कार्यालयीन खर्चाला तिच्यातले २० टक्क्यांहून अधिक वापरता येत नाही. मोठ्या नोंदणीकृत संस्थेच्या नावे घेऊन लहान संस्थेला देऊ, हा पूर्वीचा मार्ग त्यामुळे बंद झाला. एखाद्या विश्वस्ताच्या खासगी खात्यात मागवून घेऊ, असे सुचविणारे लोकही भेटतात. त्यांचे ऐकू नये. चार पैशांसाठी पन्नास वर्षांचा इदारा चौकशीत अडकेल.

रक्कम कंपनीच्या भारतातील शाखेने इथल्या नफ्यातून दिली तर प्रकरण निराळे आहे. परकीय भागभांडवल कायद्याच्या मर्यादेत असलेली भारतीय कंपनी २०१६ च्या दुरुस्तीनंतर विदेशी स्रोत धरली जात नाही. तरी प्रत्येक वेळी आपल्या चार्टर्ड अकाउंटंटकडून खात्री करून घ्यावी. येथील कंपन्या साधारणपणे धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, पॅन कार्ड, लेखापरीक्षित हिशेब आणि आयकर खात्याची नोंदणी मागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. कर्मचाऱ्यांच्या तासांची किंमत काढून ती या दोन टक्क्यांत दाखविता येत नाही, असे सरकारने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु संस्थेला प्रत्यक्ष दिलेली रक्कम त्यातून येऊ शकते, त्यासाठी संस्थेने सीएसआर-१ हा फॉर्म भरलेला असावा लागतो.

आपल्या इदाऱ्यांची आणखी एक गोची आहे. ट्रस्टच्या घटनेत ‘केवळ मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी’ असे शब्द असले तर देणगीदारास मिळणारी करसवलत, जी ८०-जी या नावाने सर्वांना ठाऊक आहे, मिळविणे अवघड होते, कारण एकाच धर्माच्या लोकांसाठी असलेल्या संस्थेला ती नाही. धार्मिक कार्याला अनुदान न देण्याचा नियमही अनेक कंपन्यांनी केला आहे. आमचे मत विचाराल तर मस्जिदीचा कारभार आणि शाळा-दवाखान्याचा कारभार यांचे ट्रस्ट वेगळे ठेवावेत. मोहल्ल्यातील दवाखान्यात सर्व जातिधर्माचे रुग्ण येतातच. जे प्रत्यक्षात घडते तेच घटनेत लिहिण्यास संकोच कशाचा? काही बुजुर्गांना हे पटणार नाही याची आम्हांस कल्पना आहे.

आता राहिले आपण, दुकानदार आणि कारखानदार. हीच रीत लहान प्रमाणावर आपल्यालाही चालविता येते. समजा दुकानात वा कारखान्यात दहा माणसे आहेत. त्यांच्यापैकी जो कोणी स्वखुशीने, सुटीच्या वेळेत, एखाद्या संस्थेत शिलाई शिकवील, वीजजोडणी दुरुस्त करून देईल, त्याच्या तासामागे ५० रुपये आपण त्या संस्थेला द्यायचे. दहा जणांनी वर्षाला २० तास दिले तर २०० तासांचे १०,००० रुपये होतात. एवढे तर आपण दिवाळी-ईदच्या कॅलेंडरांवर घालवितो. मास्टर कारागीर शिकवावयास आला तर संस्थेला मिळालेले शिक्षण पैशाहून मोठे असते, ते वेगळेच.

यात तीन गोष्टी सांभाळाव्यात. सक्ती मुळीच करू नये, कारण मालकाने ‘स्वखुशीने जा’ म्हटले की नोकराला तो हुकूम वाटतो. ही रक्कम कोणाच्या मजुरीतून वा बोनसमधून कापू नये. आणि ती जकातीत धरू नये. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, संस्थेच्या पंख्या-बाकांचा खर्च त्यात बसतो की नाही हे आधी आलिमांना विचारावे. करसवलत हवी असल्यास संस्था ८०-जी खाली नोंदलेली असावी आणि २,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने देऊ नये, धनादेश अथवा बँकेतून द्यावी. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, करिता पावती घेताना नवा आकडा पाहून घ्यावा.

ज्यांची मुले वा भाचे-पुतणे कंपन्यांत आहेत त्यांनी या सुटीत त्यांना एवढेच विचारावे : तुमच्या कंपनीत अशी योजना आहे काय, कमीत कमी तास किती, आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती? बऱ्याच कंपन्यांचे वर्ष डिसेंबरअखेर संपते, आपल्यासारखे मार्चअखेर नव्हे.