'स्वयम्'वरील सवड आणि मुदत

प्रश्न : 'स्वयम्'वरील अभ्यासक्रम आपल्या सवडीने पुरा करता येतो काय, व गुण कसे देतात?
— एक वाचक, तलवाडा (ता. गेवराई, जि. बीड)

उत्तर : केंद्र सरकारने 2017 साली सुरू केलेल्या या ऑनलाइन व्यासपीठावर अध्ययन निःशुल्क असून, व्याख्याने शेताची अथवा दुकानाची कामे आटोपून रात्री केव्हाही ऐकता येतात, परंतु ही सवड ऐकण्यापुरतीच, कारण त्यावरील आयआयटींच्या 'एनपीटेल' अभ्यासक्रमांत दर आठवड्याचा स्वाध्याय ठरल्या मुदतीतच दाखल करावा लागतो. नियम मात्र अगदीच निष्ठुर नाही : बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ स्वाध्यायांचीच सरासरी धरतात, त्यामुळे पेरणीच्या धांदलीत दोन-चार हुकले तरी बिघडत नाही. या सरासरीस 25 टक्के, तर केंद्रावर जातीने हजर राहून द्यावयाच्या परीक्षेस 75 टक्के भार असतो. प्रमाणपत्रासाठी पहिलीत 25 पैकी किमान 10 आणि दुसरीत 75 पैकी किमान 30 गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात, एकीकडची तूट दुसरीकडून भरून निघत नाही. परीक्षेची नोंदणी व शुल्क निराळे असते, आणि हीच गोष्ट दुर्लक्षित राहण्याचा संभव अधिक. तेव्हा त्या नोंदणीची अखेरची तारीख प्रवेश घेतानाच टिपून ठेवावी.