सही करण्याआधी

अलिबाग
रविवार, रात्री

चि. बाळास,


गुरुवारी रेवदंड्याहून येणाऱ्या एसटीत तुझ्या आत्याच्या कानावर एक बातमी आली. त्या रात्री तिला झोप लागली नाही. चौलनाक्याला चढलेली बाई शेजारी बसली आणि सहज म्हणाली, "तुमचा भाचा सेंद्रियचं सर्टिफिकेट घेतोय म्हणे. पनवेलकडचा कुणी माणूस करून देणारे." मग एकेक तपशील बाहेर आला. चाळीस हजार रुपये. सहा महिन्यांत सर्टिफिकेट. वर सरकारी अनुदान, तेही तोच माणूस आणून देणार. त्यासाठी वहिनींच्या पाटल्या गहाण टाकायचं घरात घाटतंय. आणि वाडीचा सातबारा, आठ अ आणि एक कुलमुखत्यारपत्र त्या माणसाच्या हवाली करायचं.

चाळीस हजारांवर आत्या काही बोलली नसती. तो शेवटचा शब्द ऐकला आणि तिच्या मांडीवरची पिशवी खाली घसरली.

सही केलीस का?

फोनवर विचारलं तर तू "नंतर बोलतो" म्हणालास. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही.

एक आधीच सांगायला हवं. सेंद्रिय शेतीला आत्याचा विरोध नाही. उलट निसर्ग वादळानंतर, त्या 3 जून 2020 च्या दुपारनंतर, आडव्या झालेल्या पोफळींमध्ये तुझे बाबा दोन दिवस नुसते बसून होते आणि तिसऱ्या दिवशी तू एकटा कुदळ घेऊन खड्डे खणायला लागलास, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. ती रोपं आता कुठे फळावर येतायत. बाबांना ती फळं पाहायला मिळाली नाहीत. अशा वाडीचा कागद तू कुणा अनोळखी माणसाच्या हाती देणार? या पट्ट्यात जमिनीच्या गुंठ्याला काय भाव आलाय आणि वाड्यांच्या जागी किती बंगले उभे राहिलेत, हे तुला सांगायला नको. वाडी पिकवण्यासाठी कुलमुखत्यारपत्र लागत नाही. ते लागतं दुसऱ्याला ती परस्पर विकायची असेल तर.

सर्टिफिकेटची गोष्ट आत्याने शुक्रवारी दिवसभर फिरून समजून घेतली. निवृत्त शिक्षिकेला दुसरं काम काय? सहा महिन्यांत सर्टिफिकेट हे धादांत खोटं आहे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांत हंगामी पिकांना पेरणीआधीची दोन वर्षं आणि नारळ-पोफळीसारख्या बहुवर्षायू झाडांना पहिल्या तोडणीआधीची तीन वर्षं रूपांतराची धरतात. त्या काळात जमिनीत काय घातलं, कधी घातलं, शेजारच्या शेतातून औषध वाहून येऊ नये म्हणून काय केलं, याची नोंदवही लागते. कुणी पैसे घेतले म्हणून तीन वर्षं सहा महिन्यांत बसत नाहीत. निर्यात करायची असेल तर हाच, बाहेरच्या संस्थेकडून तपासणीचा, खर्चीक रस्ता आहे. तुला सुपारी युरोपात पाठवायची आहे का?

दुसरा रस्ता पीजीएसचा, म्हणजे सहभागी हमी पद्धतीचा. तो ऐकताना आत्याला आजोळ आठवलं. तुझी आजी खारेपाटातली. तिथे पूर्वी जोळ असायचा. खाडीचं पाणी अडवणारा बांध एकट्याचा नसे. ज्यांची भातं त्या बांधामागे, त्या सगळ्यांनी मिळून तो राखायचा. उधाणाला खांड पडली की रात्री कंदील घेऊन माणसं धावत, कारण एकाच्या समोरची खांड सगळ्यांच्या भातात खारं पाणी घाली. पीजीएस म्हणजे हेच, फक्त बांधाऐवजी शब्द राखायचा. किमान पाच शेतकऱ्यांचा गट होतो, प्रत्येक जण शपथपत्र देतो, मग एकमेकांच्या शेतात जाऊन तपासणी करायची, चुकलं तर तोंडावर सांगायचं. रूपांतराच्या काळात 'पीजीएस ग्रीन', पुरं झालं की 'पीजीएस ऑरगॅनिक'. एकाने चोरून युरिया टाकला तर गटाचं नाव जातं. ब्राझीलने तर अशी शेजाऱ्यांची हमी कायद्यातच मान्य केली आहे. या कामात एजंटाला जागा कुठे आहे, तूच सांग. तुझ्या वाडीची हमी पनवेलचा माणूस देणार, की भिंतीपलीकडचे काका, ज्यांच्याशी तू गेल्या पावसाळ्यापासून पाणंदीवरून बोलत नाहीस?

त्यांच्याशी बोल. बाबा असते तर एव्हाना बोलायला लावलं असतं.

पैशाचंही तसंच. परंपरागत कृषी विकास योजना 2015-16 पासून चालू आहे. तीन वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये धरलेत. त्यातले 15,000 रुपये सेंद्रिय निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात येतात, बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणीकरण, बाजारपेठ अशा कामांना गटामार्फत खर्च होतात. एका शेतकऱ्याला दोन हेक्टरची मर्यादा. आता आपला हिशेब कर. तुझी वाडी अन् कार्ले गावचं शेत मिळून अडीच एकर, म्हणजे साधारण एक हेक्टर. तीन वर्षांत खात्यावर येणार पंधरा हजार, आणि ते आणून देतो म्हणणारा मागतोय चाळीस हजार. शाळेत तुझं गणित चांगलं होतं रे.

आणि अनुदान मिळेलच असंही धरून चालू नकोस. योजना गटांतून राबवतात, गटाची निवड व्हावी लागते, वेळ लागतो. कृषी खात्याच्या 'आत्मा'चं कार्यालय इथेच अलिबागला आहे. तिथे गटाची नोंदणी करा, सहायक कृषी अधिकाऱ्याला वाडीवर बोलवा, महाडीबीटीवर तुझा स्वतःचा अर्ज स्वतःच्या मोबाइलवरून भर, पासवर्ड कुणाला देऊ नकोस. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने 2,481 कोटींचं राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं. त्यात गावोगावी कृषी सखी तयार करायच्या आहेत. सूनबाई बचत गटात आहेत, हिशेब चोख ठेवतात. त्यांना विचारलंस का? की घरातल्या बाईला विचारायचं पाटल्या गहाण टाकतानाच?

रागाने लिहिलं गेलं. राहू दे तसंच.

पीककर्जालाही पाटल्या लागत नाहीत. गावच्या सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्यावर येतं. वेळेत हा शब्द मोठा आहे, तेवढा लक्षात ठेव.

आता जे घरात कुणी काढत नाही, ते आत्या काढणार आहे. सागाचा कागद. तू तेव्हा रांगत होतास. नव्वदच्या दशकात लागवडीच्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं. सागाचं झाड तुमच्या नावावर, वीस वर्षांनी लाखभर रुपये. अशाच एका कंपनीचा माणूस शाळेत आला. गुळगुळीत कागद, हिरवी किनार, इंग्रजी मजकूर. आत्याने आपली शिल्लक तर घातलीच, वर चौलला जाऊन तुझ्या बाबांना तो मजकूर वाचून दाखवला. त्या वर्षीच्या सुपारीचे आणि कांद्याचे मिळून वीस हजार त्यांच्याकडे होते. ते म्हणाले, "ताई, तू वाचलंयस ना? मग झालं." आणि सही केली. सेबीने अशा योजनांना लगाम घालणारे नियम 1999 मध्ये आणले, तोवर आपल्या कंपनीच्या कचेरीला कुलूप लागलं होतं. तुझ्या आजोबांची पिढी खोताच्या कबुलायतीवर अंगठे उठवी, कारण वाचता येत नव्हतं. त्याच जाचातून 1933 ला चरीच्या शेतकऱ्यांचा संप उभा राहिला, नारायण नागू पाटलांच्या मागे माणसं सहा-सात वर्षं उपाशी राहिली पण फुटली नाहीत. आणि त्या आजोबांची शिकलेली लेक अंगठ्यापेक्षा वाईट सही करून आली, भावालाही करायला लावली.

बाबांनी पुढे एका शब्दाने तिला बोल लावला नाही. दर मार्चला पांढऱ्या कांद्याची माळ मात्र न चुकता पोचती करत. आत्या ती माळ घेताना दर वेळी मान खाली घालायची. तो कागद अजून कपाटात आहे. हवा तर दाखवेल.

म्हणून पुन्हा विचारते आहे ती. सही केलीस का?

शिकायचं असेल तर शिकायला जागा भरपूर आहेत, आणि त्यांतल्या कुणाला सातबारा लागत नाही. दापोली विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र रोह्याला आहे. सुपारीसाठी श्रीवर्धनचं संशोधन केंद्र आहे; तिथे एक दिवस नुसता भटकून ये. तू गेल्या वर्षी "सेंद्रिय म्हणजे काहीच फवारायचं नाही" म्हणून बोर्डो बंद केलंस आणि कोळेरोगाने घडच्या घड गळले. अरे, बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीत मर्यादेत चालतं, गटाच्या नोंदीत दाखवून. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. तयार झालं की विळ्याचं पातं बुडवून बघायचं, तांबूस थर धरला तर चुना कमी पडलाय. बाबा हे अंगणात करायचे आणि तू पातं बघायला पुढे धावायचास. भुंग्याने माडाचे शेंडे खाल्ले तर शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळायची, अळी तिथेच मरते. हे विद्यापीठात विचारलं तर फुकट सांगतात. तुझी कृषी पदविका आहे. 2002 पासून चालू असलेल्या अ‍ॅग्रिक्लिनिकच्या योजनेत पदविकावाल्यांनाही 45 दिवसांचं निवासी प्रशिक्षण मोफत मिळतं. त्याचीही चौकशी कर.

नेरळला सगुणा बागेत शेखर भडसावळ्यांचं भात बघ. गादीवाफे कायमचे, नांगरट नाही, चिखलणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. त्या तंत्रात तणनाशक वापरतात, आणि ते मारलं तर सेंद्रियची पाटी लागणार नाही. पण मुळं न उपटण्याची गोष्ट आत्याला फार पटली. अर्धं घे, अर्धं सोड. बांधावर गिरिपुष्प लाव, पाला घरचा होईल. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच असा नाडेपचा हौद बांध. यवतमाळकडच्या पांढरीपांडेकाकांची ही देणगी, त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाते. झावळ्या जाळतोस त्या त्यात बारीक करून टाक.

आणि सगळं एका वर्षात नको. श्रीलंकेने 2021 च्या वसंतात रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली, भाताचं उत्पन्न कोसळलं, नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. देशाला झेपलं नाही ते तुझ्या अडीच एकरांना कसं झेपेल? कांद्याच्या पाच गुंठ्यांपासून सुरू कर. आपल्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदव. मानांकन सांगतं माल कुठला, सेंद्रिय सांगतं कसा पिकवलाय. दोन्ही कागद वेगळे, तू ते एकच समजून बसला होतास. वडखळला कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपतो, तेव्हा आपल्या माळेला आपलं नाव असायलाच हवं. सर्टिफिकेट येईपर्यंत हात बांधलेले नाहीत. 2017 च्या अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असलेला लहान उत्पादक थेट खाणाऱ्याला सेंद्रिय म्हणून विकू शकतो. 'जैविक भारत'चं चिन्ह तेवढं लावता येत नाही. नागावला सुट्टीत येणारी पाहुणेमंडळी दारात उभी असतात. त्यांना वाडी दाखव, नोंदवही दाखव.

फार लिहिलं. तू एवढं वाचशील की नाही, कोण जाणे. लहानपणी आत्याच्या पत्रातला शेवटचा परिच्छेदच वाचायचास, कारण त्यात खाऊचं असायचं.

तर खाऊचं. आत्या गुरुवारी पहिल्या एसटीने येते आहे. भांबुर्डीचा पाला काढून ठेव, वालाच्या शेंगा ती घेऊन येईल. बाबा गेल्यापासून आपल्याकडे पोपटी लागलेली नाही. शेजारच्या काकांनाही बोलाव. ओटीवर झोपाळ्यावर बसून ते कागद आपण दोघं वाचू, ओळ न् ओळ, चष्मे ती दोन आणणार आहे. पाटल्यांचं वहिनींपुढे आत्या काढणार नाही. तूही आत्यापुढे उगाच मोठा होऊन बसू नकोस. वादळानंतर एकट्याने खड्डे खणलेस तेव्हा तिने तुला थांबवायला हवं होतं, दोन माणसं द्यायला हवी होती. ती बांधावर नुसती उभी राहिली. ते तिला अजून सलतं.

नाक्यावर न्यायला ये. पूर्वी यायचास तसा.

तुझी,
आत्या

ता. क. सही केली असलीस तरी ये. कुलमुखत्यारपत्र रद्द करण्याची वाट असते, आत्याने वकिलांना विचारून ठेवलंय. ती रागावणार नाही.